तासाला पंधरा मिलिग्रॅम

७ जुलै २०२४. रविवारची पहाट, साडेपाचची वेळ. वरळी कोळीवाड्यातलं एक जोडपं ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवरून घराकडे निघालं होतं. डॉकवर अंधारात मासळी घ्यायची आणि बाजार भरायच्या आत परत पोचायचं, हा कोळी कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. अ‍ॅनी बेझंट रस्त्यावर मागून आलेल्या बीएमडब्ल्यूनं स्कूटरला धडक दिली. नवरा बाजूला फेकला गेला, वाचला. पंचेचाळीस वर्षांची बायको गाडीबरोबर दीड किलोमीटरच्या आसपास फरफटत गेली आणि त्यातच तिचा जीव गेला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी चालवणारा तरुण आदल्या रात्री जुहूच्या एका बारमध्ये बसला होता. धडकेनंतर तो पळाला, तो ९ जुलैला सापडला. मग त्याचं रक्त तपासणीसाठी घेतलं गेलं. त्यात दारूचा अंश मिळाला नाही, अशी बातमी पुढे आली.

मिळणं शक्यच नव्हतं. माणसाचं यकृत रक्तातली दारू जवळपास ठरलेल्या गतीनं जाळत असतं. शंभर मिलिलिटर रक्तात जेवढे मिलिग्रॅम मद्यार्क असेल, त्यातले तासाला साधारण पंधरा कमी होतात. कोणाचे दहा, कोणाचे वीस. खुनातला सुरा विहिरीत फेकला तरी तो विहिरीत राहतो, गाळ उपसला की हाती लागतो. इथे पुरावा आरोपीच्या अंगातच असतो आणि त्याचंच शरीर तो तासागणिक संपवत असतं. पोलिसांना यायला उशीर झाला, रुग्णालयात खोळंबा झाला, कोणी दुसऱ्या गाडीत घालून शहराबाहेर नेलं, की प्रत्येक तासाला गुन्हा पंधरा मिलिग्रॅमनं हलका होतो. दारू चढताना माणसाची सारासार बुद्धी घेऊन जाते आणि उतरताना पुरावा. महाराष्ट्रात गेल्या वीस वर्षांत गाजलेली प्रकरणं वाचत गेलं, तर सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरताना दिसतं. दोन्हींवरचा इलाज गाडीत बसण्याच्या कितीतरी आधी, पिण्याच्या टेबलावरच आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून टेबलापासूनच सुरुवात करू.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नं मर्यादा घालून दिली आहे ती शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची. त्यापुढे गाडी चालवणं हा गुन्हा. ही मर्यादा नेमकी कितव्या घोटाला ओलांडली जाते, हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. ‘दोन पेगपर्यंत काही होत नाही’, ‘बिअर काय दारू आहे का’, ‘आपल्याला चढत नाही’, अशा हवाल्यांवर माणसं किल्ली फिरवतात. खरं तर गणित साधं आहे. विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेलं सूत्र न्यायवैद्यकात आजही वापरतात. त्यात वजन आणि प्यायलेला मद्यार्क घातला की रक्तातला अंदाजे आकडा मिळतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो. साठ मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये तो वीस ग्रॅम भरतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात एवढ्यानं आकडा चाळीसच्या थोडा वर जातो. म्हणजे एकच लार्ज घाईनं संपवला की मर्यादा मागे पडली. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे एक्केचाळीस ग्रॅम, दोन लार्ज पेगांएवढी. बिअरला दारू न मानणाऱ्याच्या रक्तात तिनं पंचाऐंशीच्या आसपास आकडा दिसतो. चपटी, म्हणजे १८० मिलिलिटरची क्वार्टर, एकसष्ट ग्रॅमची. तिनं आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. वजन कमी असेल तर याहून वर. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा अंश कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूनं त्यांचा आकडा आणखी चढतो.

उतरण्याचं गणित याहून डोळे उघडणारं आहे. रात्री दहाला बसून एक क्वार्टर घेतली, तर सव्वाशेवरून तीसवर यायला साडेसहा तास लागतात, म्हणजे पहाटेचे साडेचार होतात. दोन क्वार्टर झाल्या असतील तर आकडा अडीचशेवर जातो आणि तीसपर्यंत उतरायला पंधरा तास हवेत. दुसऱ्या दिवशी दुपारचा एक वाजतो. दरम्यान हा माणूस झोपून उठलेला असतो, दाढी-आंघोळ झालेली असते, पोहे खाल्लेले असतात, मुलीला शाळेत सोडून तो कंपनीकडे निघालेला असतो. त्याला वाटतं, रात्र संपली तशी रात्रीची दारूही संपली. कायद्याच्या आणि शरीराच्या हिशेबात तो अजून प्यालेलाच आहे. सकाळी आठच्या रस्त्यावर असे किती जण असतात याची मोजदाद कोणी करत नाही, कारण आपल्या नाकाबंद्या रात्री लागतात.

उतारा म्हणून जे जे घेतलं जातं त्यातलं एकही यकृताची गती वाढवत नाही. लिंबूपाणी नाही, ताक नाही, काळी कॉफी नाही, गार पाण्याची आंघोळ नाही. कॉफीनं झोप उडते, म्हणजे प्यालेला माणूस जागा होतो, एवढंच. तेलकट चखणा आणि पोटभर जेवण दारूला रक्तात शिरायला उशीर लावतात, आणि त्यातून वेगळाच धोका होतो. ढाब्यावर जेवून उठताना माणसाला बरं वाटत असतं, आणि खरी चढण गाडी हायवेला लागल्यावर सुरू होते. शेवटच्या घोटानंतर रक्तातला आकडा अर्धा ते दीड तास वरच जात राहू शकतो.

आता डोक्यात काय होतं ते पाहू. आपण समजतो की आधी पाय लटपटतात, जीभ जड होते, मग डोकं जातं. क्रम उलटा आहे. कपाळामागचा मेंदूचा जो भाग धोका तोलतो, स्वतःला आवर घालतो, त्याच्यावर दारूचा अंमल सगळ्यात आधी होतो. चाल सरळ असते, बोलणं नीट असतं, हिशोबाचे पैसेही मोजून दिले जातात. फक्त ‘मी गाडी चालवण्याच्या अवस्थेत आहे का’ या प्रश्नाचं उत्तर देणारा भाग तेवढा जागेवर नसतो. म्हणून प्यालेल्या माणसाला ‘तू ठीक आहेस ना?’ असं विचारण्याला काही अर्थ नाही. तो हो म्हणणार, आणि मनापासून म्हणणार. पुढे एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची ताकद जाते: आरसा आणि वळण, सिग्नल आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी. समोरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे सावरायला उशीर लागतो. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर गाडी आठ मीटर जादा जाते. पादचाऱ्यांसाठी रंगवलेले पट्टे याहून अरुंद असतात.

अमेरिकेत १९५४ मध्ये श्वासावरून दारू मोजण्याचं सुटसुटीत यंत्र तयार करणाऱ्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी पुढे ग्रँड रॅपिड्स शहरात हजारो चालकांचा अभ्यास केला. अपघात झालेले आणि त्याच रस्त्यांवरून सुखरूप गेलेले, दोघांचे श्वास तपासले. १९६४ मध्ये निष्कर्ष आले. रक्तात शंभर मिलिग्रॅम असणाऱ्याच्या हातून अपघात होण्याची शक्यता न प्यालेल्याच्या सहापट, आणि दीडशे असणाऱ्याची पंचवीस पट. क्वार्टर रिचवून ‘मी रोजच चालवतो’ म्हणणारा या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असतो. रोज काही होत नाही हे खरं आहे. पंचवीस पट धोका असूनही बहुतेक रात्री माणूस घरी पोचतो, आणि प्रत्येक पोचलेली रात्र त्याला पुढच्या रात्रीसाठी धीट करते.

नाकाबंदीवर काही वेळ उभं राहिलं की हा धीटपणा जवळून दिसतो. बॅरिकेड दिसताच दुचाकी शंभर फुटांवरून वळते आणि उलट दिशेनं निघून जाते. गाडीची काच खाली होते तेव्हा बडीशेप, वेलची, पान, नाहीतर कसलातरी स्प्रे घमघमत असतो. त्याचा उपयोग नाही. यंत्र तोंडाचा वास मोजत नाही, फुप्फुसाच्या तळातून आलेल्या हवेतला मद्यार्क मोजतं. रक्तातल्या दारूशी त्या हवेचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं, म्हणूनच ‘जोरात फुंका, अजून, अजून’ असा हवालदाराचा आग्रह असतो. काही जण फुंकल्यासारखं करतात. काही जण फोन पुढे करतात, ‘साहेबांशी बोला’ म्हणतात. मागच्या सीटवरचे मित्र हसत असतात, चित्रीकरण करत असतात. मला सर्वांत जास्त खटकतात ते हे मित्र. त्यांच्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

मुंबई पोलिसांनी २००७ मध्ये अशा तपासणीची सातत्यानं मोहीम सुरू केली आणि ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ हे शब्द घराघरांत गेले. त्यामागे आदल्या वर्षीची एक पहाट होती. १२ नोव्हेंबर २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका तरुणाची टोयोटा कोरोला पदपथावर चढली. तिथे मजूर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे ११२ मिलिग्रॅम मद्यार्क निघाला. साधारण एका क्वार्टरचा आकडा. इथे रक्त वेळेत घेतलं गेलं, म्हणून खटला उभा राहू शकला. तरीही एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयानं निष्काळजीपणाच्या कलमाखाली शिक्षा दिली ती सहा महिने आणि पाच लाख दंड. सात माणसांसाठी सहा महिने. लोकांत संताप उसळला. मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी हा निष्काळजीपणा नव्हे, सदोष मनुष्यवध आहे, असं ठरवून तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली. दारू पिऊन बेफाम गाडी चालवणाऱ्याला परिणामांची जाणीव असते, असं त्यामागचं तर्कशास्त्र. १२ जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. ही शिक्षा अपुरी आहे असं न्यायालयानं नोंदवलं, पण ती वाढवून मागायला राज्य सरकार अपिलात आलंच नव्हतं, त्यामुळे तीन वर्षांची तीनच राहिली.

निष्काळजीपणा की सदोष मनुष्यवध, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक खटल्यात येतो. जुन्या दंडविधानात निष्काळजीपणाला जास्तीत जास्त दोन वर्षं होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच आहेत. वरळीची घटना त्यानंतर सहाव्या दिवशीची. संहितेत पळून जाणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूदही आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी तिच्या विरोधात चक्का जाम केला, महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते वाचकांना आठवत असेल. ती तरतूद सरकारनं स्थगित ठेवली आणि बाकीची संहिता लागू झाली. ट्रकचालकांची भीती खोटी नव्हती. थांबलं तर जमाव मारतो, हे त्यांचं म्हणणं रस्त्यावर अनेकदा खरं ठरलेलं आहे. पण पळणाऱ्याला पळण्याचा फायदा मिळतो तो या स्थगितीमुळे तसाच राहिला, हेही खरं.

वरळीच्या सात आठवडे आधी पुणं हादरलं होतं. १९ मे २०२४, पुन्हा रविवार. पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरमध्ये नोंदणीही न झालेल्या पोर्शेनं मोटारसायकलला धडक दिली. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले एक तरुण आणि एक तरुणी, दोघंही संगणक अभियंते, दोघंही चोवीस वर्षांचे, जागीच गेले. पोर्शे चालवणारा सतरा वर्षांचा होता. महाराष्ट्रात बिअरलासुद्धा एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. देशभर चर्चा झाली ती त्या निबंधाची. मला मात्र त्या प्रकरणातला दुसरा तपशील अधिक गंभीर वाटतो. रक्ताचा नमुना घेतला गेला तो सकाळी अकराच्या सुमारास, अपघातानंतर आठ तासांनी. तासाला पंधरा धरले तर एकशेवीस मिलिग्रॅम तोवर वाटेतच जिरतात. तेवढ्यावर थांबलं नाही. मुलाचा नमुना कचऱ्यात टाकून त्याजागी आईचं रक्त दिलं गेलं, असा पोलिसांचा आरोप आहे, आणि त्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. वेळेत वरिष्ठांना न कळवल्याबद्दल दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. संध्याकाळी दुसऱ्या रुग्णालयात आणखी एक नमुना घेतला होता. त्याच्या डीएनएशी पहिला जुळला नाही, म्हणून हे बाहेर आलं. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे ते होतील. पण रक्त अदलाबदल करण्याची कल्पना सुचावी, यावरूनच कळतं की शंभर मिलिलिटर रक्त आणि घड्याळ यांची किंमत सगळ्या संबंधितांना किती नीट माहीत आहे.

कार्टर रोड, कल्याणीनगर, वरळी. तिन्ही वेळा रविवारची पहाट, तिन्ही वेळा शनिवारची रात्र लांबलेली. वाहतूक पोलिसांचा बंदोबस्त पातळ होण्याची आणि कष्टकरी माणसं रस्त्यावर येण्याची हीच वेळ: दूधवाले, पेपरवाले, झाडूवाले, मासळीवाल्या.

शिक्षेच्या बाबतीत कायदा अगदी हलका नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी फेटाळू शकते. मेलेल्याच्या वारसांना भरपाई द्यावी लागते, पण ती नंतर मालकाकडून वसूल करता येते. हे ऐकल्यावर काही मध्यमवर्गीय घरांत तुरुंगापेक्षा जास्त धास्ती बसते, असा अनुभव आहे. कलम २०२ मध्ये एक नेमकी अटही आहे: या गुन्ह्यात अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांत झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांना घड्याळाचं महत्त्व कळलं होतं. मोठ्या शहरात दोन तास पुरतात. तालुक्याच्या ठाण्यातला एकटा हवालदार, बंद पडलेलं यंत्र आणि वीस किलोमीटरवरचं ग्रामीण रुग्णालय असेल, तर ते कसे पुरावेत?

आणि तालुक्याच्या पलीकडे जे घडतं त्याची बातमी होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. मेलेल्यांत सुमारे चव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे. दारू आणि अमली पदार्थांच्या खात्यावर एकूण मृत्यूंपैकी जेमतेम अडीच टक्के मांडलेले आहेत. या आकड्यावर माझा विश्वास नाही. बहुतेक अपघातांत चालकाचं रक्त तपासलंच जात नाही. मेलेल्याचं तर नाहीच. पंचनाम्यात ‘भरधाव वेग’ किंवा ‘हयगय’ लिहून विषय मिटतो. घरच्यांना विमा मिळावा, गावात नाव जाऊ नये, म्हणून सगळेच गप्प बसतात. लग्नाची वरात, जत्रा, आषाढी अमावास्येच्या आसपासच्या पार्ट्या, निवडणुकीतले ढाबे; हे आटोपून अंधारात फाट्यावरून घरी निघालेला तरुण मैलाच्या दगडावर, पुलाच्या कठड्यावर नाहीतर उभ्या ट्रकवर आदळतो. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्रीच्या रस्त्यावर येतात. शुद्धीतल्या माणसालाही त्या ऐन वेळी दिसतात. प्यालेल्याला दिसतच नाहीत. हेल्मेट हँडलला अडकवलेलं असतं.

दारूबद्दलची आपली सगळी शिकवण घराच्या चौकटीतली आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर आपल्या घराची राखरांगोळी करतो, सिंधू त्यात होरपळते, आणि शंभर वर्षं मराठी प्रेक्षक त्या घरासाठी रडत आला आहे. गावोगावी बायकांनी बाटली आडवी करण्यासाठी मतदान घडवलं तेही आपला संसार वाचवायला. दारू पिणाऱ्याच्या हाती चाक आलं की मात्र ज्यांचं घर उद्ध्वस्त होतं त्यांनी त्याचं तोंडही कधी पाहिलेलं नसतं. ससून डॉकवरून निघालेल्या त्या बाईचा जुहूच्या बारशी काय संबंध होता? ‘माझ्या पैशानं पितो, माझं मी बघतो’ हे म्हणणं रस्त्याच्या कडेला संपतं. इथे व्यसनी माणूस असण्याचीही गरज नाही. महिन्यातून एकदा पिणारा, एरवी सभ्य, नोकरदार माणूस याला पुरेसा आहे.

इतर देशांनी काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं एक उदाहरण आपल्याला थेट उपयोगाचं आहे. ब्रिटननं ९ ऑक्टोबर १९६७ पासून ८० मिलिग्रॅमची मर्यादा आणि श्वासाची चाचणी आणली. बार्बरा कॅसल या मंत्रीणबाईंना शिव्याशाप, धमक्या आल्या. पहिल्याच वर्षात रस्त्यावरचे मृत्यू हजाराहून जास्त कमी झाले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१६ ला महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. मग अंतरं बदलली, काही ठिकाणी महामार्गांचे दर्जेच बदलले गेले, पुढे शहरी हद्दींना मोकळीक मिळाली. महसूल बुडू नये म्हणून सरकारांनी रस्त्याचं कागदावरचं नाव बदलावं, यासारखं निराश करणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

उपयोगाचं उदाहरण जपानचं. तिथली मर्यादा आपल्याइतकीच, ३० मिलिग्रॅमची. ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओका इथे प्यालेल्या चालकानं एका कुटुंबाची गाडी पुलावरून समुद्रात ढकलली, तीन लहान भावंडं बुडाली. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. चालकाबरोबर, तो गाडी चालवणार हे माहीत असून त्याला दारू पाजणारा, गाडी देणारा आणि त्याच्या शेजारी बसून जाणारा, असे तिघेही स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरले. त्यानंतर तिथे दारूमुळे होणारे अपघाती मृत्यू झपाट्यानं घटले. कायद्यानं टेबलावरच्या सगळ्यांना जबाबदार धरलं, कारण टेबलावर कोणीतरी शुद्धीत असतंच.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायद्यात कलम १८८ आहे. प्यालेल्याच्या ड्रायव्हिंगला जो प्रोत्साहन देईल, मदत करेल, त्यालाही तीच शिक्षा, असं ते सांगतं. नाकाबंदीवर मागच्या सीटवर हसणारे मित्र, ‘चल, सोड मला घरी’ म्हणणारा सहकारी, प्यालेल्याला गाडी आणून देऊन सलाम ठोकणारा वाहनतळाचा ठेकेदार, या सगळ्यांना हे कलम लावता येऊ शकतं. ते क्वचितच लावलं जातं. वर्षभर फक्त शनिवारी रात्री लावून पाहावं, मग कोणाच्या गाडीत कोण बसतो ते आपोआप बदलेल. नाकाबंदी सकाळी सहा ते नऊ लागावी. अपघातानंतर, कोणी मेलं असो वा नसो, चालकाचं रक्त दोन तासांत घेणं सक्तीचं व्हावं आणि नमुना घेताना चित्रीकरण व्हावं. सरकार नाताळात आणि ३१ डिसेंबरला बार पहाटे पाचपर्यंत उघडे ठेवायला परवानगी देतं. मुंबईत त्या रात्री जादा लोकल सुटतात, ते चांगलंच आहे. पण पुण्याची मेट्रो एरवी मध्यरात्रीच्या आत बंद होते, आणि नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरला त्या वेळी रिक्षा मागेल ते भाडं घेते. बारला जेवढ्या वेळेपर्यंत परवाना, तेवढ्या वेळेपर्यंत घरी जायला बस, ही मागणी अवाजवी नाही. दारूच्या करातून मिळणाऱ्या पैशाचा एवढा तरी वाटा रस्त्यावर यावा.

दिवाळी सरली की ३१ डिसेंबर दूर नसतो. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी गच्चीवर, फार्महाउसवर बैठक ठरेलच. ज्याच्याकडे बैठक आहे त्याला माझी विनंती आहे: पहिली बाटली उघडण्याच्या आधी प्रत्येकाची किल्ली मागून घ्या, कारण नंतर मागितली तर मिळत नाही. चार गाद्या जास्तीच्या घाला. सकाळी दहाच्या आत कोणाला निघू देऊ नका. ज्यांनी जास्त घेतली असेल त्यांना दुपारचं जेवूनच जाऊ द्या. आणि कोणी ऐकलं नाही, गाडी काढलीच, तर ११२ ला फोन करून गाडीचा नंबर आणि रस्ता सांगा. मित्राला पकडून दिलं, असं चारजण म्हणतील. म्हणू द्या.